सीपीयूचा पंखा कुठल्या तोंडाने बसवायचा? विष्णुपुरीच्या उन्हाळ्यात हा प्रश्न किरकोळ राहत नाही

नांदेड शहरापासून साधारण आठ-नऊ किलोमीटरवर, गोदावरीच्या काठावर विष्णुपुरी आहे. बाहेरच्यांना हे नाव धरणामुळे माहीत असतं, मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना मात्र शिक्षणामुळे. श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था इथे १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं, तेही इथेच. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच परिसरात आहे. त्यामुळे प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालयं, वसतिगृहाच्या खोल्या, बाहेरची झेरॉक्सची दुकानं, जिकडे बघावं तिकडे डेस्कटॉप दिसतो.

आणि मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जाणं कुणाला नवीन नाही.

योगायोग असा, की संगणकावर सगळ्यात जास्त काम पडतं तेही याच दिवसांत. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात, अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टची शेवटची घाई असते. एमएच-सीईटीसुद्धा २०१९ पासून संगणकावर होते आणि सहसा एप्रिल-मेमध्येच असते. अशा वेळी दुपारी तीनच्या सुमारास एखादा डेस्कटॉप अचानक मंद होतो, आतला पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो आणि थोड्या वेळाने स्क्रीन काळी पडते. पहिला संशय व्हायरसवर जातो, मग रॅमवर, मग लाईटवर. विंडोज पुन्हा टाकून होतं, एसएमपीएस बदलून होतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कॅबिनेट उघडून पाहिलं तर पुष्कळदा दिसतं ते इतकंच: प्रोसेसरवरचा पंखा धुळीने भरलेला आहे, नाहीतर कुणीतरी साफ करून परत लावताना उलटा बसवलेला आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवलेला बरा. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्डवर बसणारी तळहातापेक्षा लहान चीप. इथे तिला प्रोसेसर म्हटलं आहे आणि डब्याला कॅबिनेट. दुसरा घोळ ‘कूलर’चा. संगणकाच्या दुकानात कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा धातूचा हीटसिंक आणि त्याला लावलेला पंखा, तर घरात कूलर म्हणजे पाणी टाकायचा, वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांचा.

पण या दुसऱ्या कूलरमुळे पहिला समजायला फार सोपा जातो.

पंखा गारवा तयार करत नाही

घरातला कूलर कुठे ठेवायचा हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. तो खिडकीत ठेवतात, पाठ बाहेर आणि तोंड आत. शिवाय समोरची एक खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवतात. दारं-खिडक्या बंद करून तोच कूलर खोलीच्या मधोमध लावला, तर तासाभरात अंग चिकचिकायला लागतं, कारण तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. यंत्र तेच, पाणी तेच. फरक फक्त हवा कुठून घेतली आणि कुठे सोडली याचा असतो.

प्रोसेसरच्या पंख्याचं गणितही हेच आहे, फक्त त्यात पाणी नाही. म्हणजे तो हवा गार करतच नाही. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकच्या धातूत उतरते, धातूच्या पातळ पत्र्यांवर पसरते आणि पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलून ती वाहून नेतो. साध्या हवेवर चालणारा कूलर कितीही महाग असला, तरी प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधलं अंतर कमी-जास्त करतो.

हे अंतर उदाहरणादाखल ४५ अंश धरू. म्हणजे भरपूर काम चालू असताना प्रोसेसर त्याला मिळणाऱ्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त गरम राहतो. हवा २५ अंशांची असेल, तर प्रोसेसर ७० वर राहील. आरामात. हवा ४२ अंशांची असेल, तर ८७ वर. आणि पंखा चुकीच्या जागी असल्यामुळे त्याला खोलीतली नव्हे, तर कॅबिनेटमधलीच, आणखी आठ अंशांनी तापलेली हवा मिळत असेल, तर ९५. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची ९५. ती मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. तरीही तापमान चढतच राहिलं, तर संगणक थेट बंद होतो.

म्हणजे ‘आठ अंशांनी काय होतं’ असं पुण्या-नाशिकला हिवाळ्यात म्हणता येईल. विष्णुपुरीत मे महिन्यात तेच आठ अंश संगणक चालेल की नाही हे ठरवतात.

हवा किती उष्णता उचलते?

कॅबिनेटच्या साध्या पंख्यावर बरेचदा मिनिटाला ४० घनफूट असा काहीसा आकडा असतो. एवढी हवा खरोखर वाहिली आणि आत १०० वॅट उष्णता तयार होत असेल, तर बाहेर पडणारी हवा साधारण पावणेपाच अंशांनी तापलेली असते. ग्राफिक कार्ड धरून अख्खा संगणक २५० वॅट खात असेल, तर जवळजवळ बारा अंशांनी.

पण तो ४० चा आकडा मोकळ्यावर मोजलेला असतो. पुढे जाळी, मागे फिल्टर, मध्ये वायरींचा गुंता आणि वर वर्षभराची धूळ आली की प्रत्यक्षात निम्मी हवाही वाहत नाही. समजा २० च उरली. मग तेच २५० वॅट हवेला तेवीस-चोवीस अंशांनी तापवतील. खोलीतली ४२ अंशांची हवा कॅबिनेटमधून बाहेर पडताना ६५ च्या पुढे गेलेली असेल. आता एखाद्या पंख्याचं तोंड उलटं असल्यामुळे ती हवा बाहेर न जाता पुन्हा प्रोसेसरकडे वळली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

पंख्याचं तोंड कुठलं, पाठ कुठली?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण संगणकाच्या पंख्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वाटतात.

नीट पाहिलं तर एक बाजू मोकळी असते, तिथे पाती थेट दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरला धरून ठेवणाऱ्या तीन-चार आडव्या दांड्या असतात. वायरही सहसा तिथूनच निघते. नेहमीच्या पंख्यात हवा मोकळ्या बाजूने आत ओढली जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर फेकली जाते. बऱ्याच पंख्यांच्या चौकटीवर दोन बारीक बाणही कोरलेले असतात: एक पाती कुठे फिरतात ते दाखवतो, दुसरा हवा कुठे जाते ते. उजेडात तिरपं धरल्याशिवाय ते दिसत नाहीत, म्हणून कुणी पाहत नाही.

हल्ली रंगीबेरंगी दिव्यांच्या पंख्यांमध्ये एक नवी भानगड आली आहे. काचेच्या कॅबिनेटमधून दांड्या दिसू नयेत म्हणून काही कंपन्या उलट्या पात्यांचे पंखे विकतात. त्यांत हवा बरोबर विरुद्ध दिशेला जाते. अशा वेळी नियम पाठ असण्यापेक्षा तपासून पाहिलेलं बरं. पंखा चालू करून त्याच्यापुढे टिश्यू पेपरचा तुकडा किंवा पेटवलेली उदबत्ती अंतरावरून धरावी. धूर जिकडे ओढला जातो ती आत घेणारी बाजू. राख आत पडणार नाही एवढं सांभाळावं, आणि देवाची उदबत्ती संगणकाला का, या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं.

कंपनीसोबत आलेला गोल कूलर

कार्यालयांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला कूलर दिसतो. खाली ॲल्युमिनियमचा हीटसिंक, वर आडवा झोपलेला पंखा. तो वरची हवा घेऊन खाली, मदरबोर्डच्या दिशेने फेकतो. हवा हीटसिंकमधून गेल्यावर चारी बाजूंना पसरते. त्यामुळे शेजारच्या रॅमला आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांनाही थोडी हवा मिळते. काहीजण ‘गरम हवा वर जाते’ या शाळेतल्या वाक्यावर विसंबून हा पंखा उलटा करतात, म्हणजे तो हीटसिंकमधून हवा वर ओढतो. उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असल्याने ती हवा वर जातच नाही, बाजूच्या पत्र्यावर आदळते, आणि आजूबाजूच्या भागांना मिळणारी फुकटची हवा मात्र बंद होते. शिवाय पंख्याच्या जोरापुढे गरम हवेची आपोआप वर जाण्याची ओढ अगदी क्षीण असते. हा कूलर जसा आला तसाच ठेवावा.

त्याची खरी दुखणी दोन आहेत. पहिलं, इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिना. २००४ च्या सुमारास आलेली ही पद्धत आजही अनेकांच्या घामाला कारण आहे. पिनेच्या टोपीवर बाण असतो. त्या बाणाच्या दिशेला फिरवलं की पीन सुटते. म्हणून बसवण्याआधी चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्याव्या लागतात आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या, म्हणजे कर्णातल्या, दोन-दोन पिना एकत्र दाबाव्या लागतात. प्रत्येक पिनेचा टक आवाज यायला हवा. चारपैकी एक जरी अर्धवट राहिली, तरी हीटसिंक तिरका बसतो आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने पाहिलं तर चारही पिनांची काळी टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

दुसरं दुखणं धूळ. ती पंख्यावर दिसते, पण अडवते ती पंखा आणि हीटसिंक यांच्या मधोमध. तिथे लोकरीच्या आसनासारखा एक थर जमतो. वरून फडकं मारून तो जात नाही. पंखा वेगळा काढून रंगाच्या मऊ ब्रशने पत्रे साफ करावे लागतात. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग जातं. ब्लोअर मारताना ‘घुंईऽऽ’ असा आवाज ऐकायला मजा वाटते, पण ती पंख्याच्या जिवावर असते.

उभा टॉवर कूलर: रॅमकडून मागच्या जाळीकडे

जास्त ताकदीच्या प्रोसेसरसाठी लोक वेगळा टॉवर कूलर घेतात. तांब्याच्या नळ्या प्रोसेसरपासून उष्णता वर नेतात, त्यांवर पत्र्यांची उभी चळत असते आणि पंखा त्या चळतीच्या बाजूला उभा लावलेला असतो. यात पंखा कुठल्या बाजूला लावायचा हे बसवणाऱ्याच्या हातात असतं, आणि म्हणूनच चूकही.

नेहमीच्या उभ्या कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून समोर बसलं, तर उजवीकडे कॅबिनेटचा पुढचा भाग असतो, डावीकडे मागचा. प्रोसेसरच्या उजव्या हाताला रॅमच्या पट्ट्या असतात आणि डाव्या हाताला मागची जाळी, जिथे बाहेर फेकणारा पंखा असतो. टॉवर कूलरचा पंखा रॅमच्या बाजूला लावायचा आणि त्याचं हवा फेकणारं अंग, म्हणजे दांड्यांची बाजू, पत्र्यांकडे करायची. पुढून आलेली ताजी हवा पंखा घेतो, पत्र्यांतून ढकलतो आणि पलीकडचा मागचा पंखा ती बाहेर टाकतो. हवेची एकच सरळ रेषा तयार होते.

हाच पंखा उलट्या तोंडाने लावला, तर तो मागच्या पंख्याशी दोरीखेच सुरू करतो. मागचा पंखा हवा बाहेर ओढतोय, प्रोसेसरचा पंखा तीच मागून पुढे ओढतोय. दोन्ही पंखे फिरतात, आवाज येतो, सगळं ठीक वाटतं. तापमान मात्र वाढत जातं. वाचायला हे बालिश वाटेल, पण साफसफाईनंतर पंखा परत लावताना ही चूक अगदी सहज होते, कारण तारेच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी सारख्याच बसतात.

रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा त्यांना टेकतो. तो क्लिपांवर थोडा वर सरकवता येतो. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने फारसं बिघडत नाही, मात्र मग बाजूची झाकणी बसते का हे पाहावं लागतं. ती बसतच नसेल, तर पंखा पत्र्यांच्या मागच्या बाजूला लावून हवा ओढून घेता येते. दिशा तीच ठेवायची, पुढून मागे. ढकलण्यापेक्षा ओढणं किंचित कमी पडतं, पण उलटा पंखा लावण्यापेक्षा हजारदा बरं. दोन्ही बाजूंना दोन पंखे लावायची हौस असते. त्याने एक-दोन अंशांचा फायदा झाला तर झाला. तोच पंखा कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत लावला तर जास्त उपयोगी पडतो.

काही कूलर एएमडीच्या जुन्या चौकटीवर आडवे बसतच नाहीत. त्यांचा पंखा खाली किंवा वर तोंड करून राहतो. मग त्याला खालून वर फेकायला लावावं आणि कॅबिनेटच्या छताला जाळी असेल तरच. यात एक तोटा राहतो. खाली ग्राफिक कार्ड असेल तर त्याने तापवलेली हवाच प्रोसेसरच्या वाट्याला येते.

कंपन्यांनाही हे एकदम जमलं नव्हतं

हवा कुठून कुठे न्यायची यावर खुद्द इंटेलने दोनदा विचार बदलला आहे. आजही आपण वापरतो तो एटीएक्स हा मदरबोर्ड-कॅबिनेटचा साचा इंटेलने १९९५ मध्ये आणला. त्यात सुरुवातीची कल्पना अशी होती, की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडावी, म्हणजे प्रोसेसरला वेगळा पंखा लागायला नको. कागदावर छान होतं. पण ती हवा एसएमपीएसमधून येतानाच गरम होत होती, आणि प्रोसेसर तर दर वर्षी जास्त तापू लागले होते. शेवटी एसएमपीएसने हवा बाहेर टाकायची आणि प्रोसेसरने स्वतःचा पंखा बाळगायचा, हीच पद्धत रुळली.

मग पेंटियम ४ चे दिवस आले. २००४ च्या त्याच्या काही आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत जात होत्या. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स हा नवा साचा आणला. त्यात प्रोसेसर कॅबिनेटच्या अगदी पुढे होता आणि त्याच्यापुढे मोठा पंखा बोगद्यासारख्या आवरणात बसवलेला होता, म्हणजे बाहेरची ताजी हवा सर्वात आधी प्रोसेसरलाच मिळे. कल्पना खरोखर चांगली होती. पण २००६ मध्ये इंटेलनेच कमी तापणारे कोर २ प्रोसेसर आणले आणि एवढा खटाटोप करायची गरज उरली नाही. बीटीएक्स मागे पडला.

त्या काळाची एक खूण मात्र आजही सरकारी कार्यालयांतल्या आणि जुन्या लॅबमधल्या कॅबिनेटवर दिसते: बाजूच्या झाकणीवर, बरोबर प्रोसेसरच्या समोर, गोल जाळी आणि तिच्या आत प्लास्टिकचा नळकांडं. पुष्कळांना ती शोभेची वाटते. इंटेलच्या कॅबिनेटविषयीच्या सूचनांतून आलेली ती सोय आहे. त्यातून प्रोसेसरचा आडवा पंखा कॅबिनेटमधली शिळी हवा न घेता थेट बाहेरची घेतो. त्या सूचनांमधलं उद्दिष्ट होतं, खोली ३५ अंशांवर असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ च्या वर जाऊ नये. विष्णुपुरीत मेच्या दुपारी पंख्यापाशी पोचायच्या आधीच हवेने ३८ ओलांडलेले असतात. त्यामुळे त्या नळकांड्यावर कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवणं, किंवा शेजारी फायलींचा गठ्ठा लावणं, हे नाकावर उशी ठेवण्यासारखं आहे. त्या जाळीवर कुणी जादा पंखा लावला असेल, तर त्याने हवा आतच फेकली पाहिजे. बाहेर फेकणारा पंखा तिथे लावला की तो प्रोसेसरच्या तोंडचा घास काढून घेतो.

टेबल, खोली आणि पाण्याचा कूलर

कॅबिनेटच्या आत सगळं सरळ असूनही संगणक तापत असेल, तर दोषी बहुधा टेबल असतं. तीन बाजूंनी बंद कप्प्याचं संगणक-टेबल ही आपल्याकडची आवडती वस्तू. मागच्या पंख्याने फेकलेली हवा कप्प्याच्या पाठीवर आदळते, वळून पुढे येते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जाते. बंद खोलीतला कूलर तो हाच. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून मागे वीतभर जागा सोडली, तर एक रुपया न खर्चता काही अंश उतरतात. लॅबमध्ये दोन रांगा पाठीला पाठ लावून मांडलेल्या असतील, तर एका संगणकाची गरम हवा दुसऱ्याच्या मागच्या जाळीवर जाते. मधे थोडी गल्ली ठेवावी लागते.

झाकणी काढून शेजारी टेबल फॅन लावायचा देशी उपाय सर्वांना माहीत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री चालतो. गोल कूलरला त्याचा फायदाही होतो, कारण त्याला सरळ खोलीची हवा मिळते. पण काळ्या मातीच्या रानातली बारीक धूळ पंधरा दिवसांत सगळीकडे बसते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवावेत आणि त्यांच्यावर जाळीचे फिल्टर लावावेत. मग आत हवेचा थोडा दाब राहतो आणि धूळ फटींतून शिरण्याऐवजी फिल्टरवर अडकते. फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवायचा, पूर्ण वाळवून लावायचा.

पाण्याच्या कूलरची हवा संगणकाला चालते का? चालते. कोरड्या उन्हाळ्यात त्याने खोली जितके अंश उतरते, साधारण तितकेच प्रोसेसरचेही उतरतात. हवेवर चालणारा हीटसिंक खोलीपेक्षा थंड होतच नसल्याने त्याच्यावर दव धरण्याची भीती नाही. पण कूलरचा थेट झोत कॅबिनेटवर नको. त्यातून उडणारे तुषार क्षाराचं पाणी घेऊन येतात, आणि ओली धूळ सुकली की पत्र्यांना चिकटून बसते.

पाण्यावर चालणारे प्रोसेसर कूलर हा मोठा विषय आहे. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रवाने थेट उष्णता वाहून नेणारी व्यवस्था आहे. घरगुती बंद नळ्यांचे कूलरही मिळतात. पण त्यांचा रेडिएटरही शेवटी खोलीच्याच हवेने थंड होतो, त्यामुळे ४२ अंशांचा नियम त्यांनाही लागू आहे.

बसवताना आणि बसवल्यावर

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते न काढता कूलर बसवणारे लोक दर वर्षी सापडतात. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, ती दाबली की पसरते. जुना कूलर काढताना, विशेषतः एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवर, तो सरळ वर ओढू नये. पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. संगणक दहा मिनिटं चालवून, बंद करून, प्लग काढून, कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवावा.

पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडायची. चार पिनांचा पंखा असेल, तर चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड तापमानानुसार वेग बदलतो. कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी वायर लावली, तर सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ येऊ शकतो, किंवा वेग प्रोसेसरच्या तापमानानुसार न बदलता भलत्याच हिशेबाने बदलतो. वायर पात्यांत अडकणार नाही अशी बांधून टाकावी.

बदलाचा उपयोग झाला की नाही, हे नुसत्या तापमानावरून ठरवू नये. सकाळी आठला ७२ आणि दुपारी तीनला ८६ आले म्हणून पंखा बिघडला असं होत नाही. खोलीच बारा-चौदा अंशांनी तापलेली असते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ साधा थर्मामीटर ठेवावा आणि तेच काम पंधरा मिनिटं चालवून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा केला की जे उरतं, ते कूलरचं खरं प्रगतिपुस्तक. पंखा फिरवण्याआधी हा फरक ५२ होता आणि नंतर ४४ झाला, तर तोंड बरोबर बसलं. फरक तेवढाच राहिला, तर पंखा पुन्हा काढण्याआधी हीटसिंकच्या पिना आणि पेस्ट तपासावी. आणि जानेवारीत मोजलेला हा फरक लिहून ठेवला असेल, तर त्यात ४३ मिळवून मे महिन्याच्या दुपारी संगणकाचं काय होणार आहे, ते चार महिने आधीच कळतं.